वेब ॲप मोबाइलवर कुठे अडतं आणि ते आधीच कसं ओळखायचं: पायरीपायरीने

वेब ॲप (ब्राउझरमध्ये चालणारं ॲप) बनवणाऱ्यांचा क्रम बहुतेक ठरलेला असतो. आधी स्क्रीन सजवायच्या, मग लॉगिन, मग नोटिफिकेशन, आणि सगळं झाल्यावर "आता ऑफलाइनचं बघू". मोबाइल ब्राउझर नेमका इथेच हात वर करतो. तोवर महिने गेलेले असतात, पैसे संपलेले असतात आणि गिऱ्हाईक विचारत असतं, "प्ले स्टोअरवरच्या ॲपला जमतं ते तुमच्याला का जमत नाही?"

इथे दिलेला क्रम उलटा आहे: जे अडण्याची शक्यता जास्त, ते आधी. उदाहरणाला गावातल्या दूध संकलन केंद्राचं ॲप घेतलं आहे. सकाळ-संध्याकाळ दूध येतं, सभासद क्रमांक, लिटर, फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) नोंदवायचं, पावती द्यायची, दर दहा दिवसांनी बिल काढायचं. रेंज येते-जाते. सचिवाकडे जुना अँड्रॉइड, एखाद्या संचालकाकडे आयफोन. तुमचं ॲप शाळेच्या हजेरीचं असो की सोसायटीच्या मेंटेनन्सचं, पायऱ्या याच.

## पायरी १: कोड लिहिण्याआधी तीन प्रश्न

कागद घ्या आणि ॲपने करायचं प्रत्येक काम एकेका ओळीत लिहा. प्रत्येक ओळीपुढे तीन प्रश्नांची उत्तरं हवीत.

स्क्रीन बंद असताना हे काम चालायला हवं का? हो असेल तर ते काम वेबवर होणार नाही, असं धरूनच चाला. पान मागे गेलं की ब्राउझर टायमर मंदावतो, नंतर गोठवतो आणि मेमरी कमी पडली की पान सरळ काढून टाकतो. लोकेशन फक्त पान समोर असताना मिळतं. सर्व्हिस वर्करला (पानामागे वेगळी चालणारी स्क्रिप्ट) लोकेशन मिळतच नाही. म्हणजे "दुधाचा टँकर आत्ता कुठल्या गावात आहे ते दाखवा" ही मागणी आली की चर्चा तिथेच थांबवा. ड्रायव्हर फोन खिशात टाकणार आणि तुमचं पान झोपणार. त्या कामाला नेटिव्ह ॲपच (खास फोनसाठी लिहून त्यावर इन्स्टॉल केलेलं) लागतं.

नेट नसताना हे व्हायला हवं का? हे वेबवर नीट जमतं, पण मेहनत लागते. पायरी ३ आणि ४ त्यासाठीच आहेत.

फोनबाहेरच्या यंत्राशी बोलायचं आहे का? इथे लोक सर्वात जास्त फसतात. "क्रोममध्ये वेब ब्लूटूथ आहे" एवढं वाचून पावतीच्या प्रिंटरचं आश्वासन दिलं जातं. वेब ब्लूटूथला फक्त ब्लूटूथ लो एनर्जी कळतं. बाजारात मिळणारे कित्येक स्वस्त थर्मल प्रिंटर जुन्या पद्धतीच्या क्लासिक ब्लूटूथवर, सिरियल पोर्टसारखे चालतात. ते फोनच्या सेटिंगमध्ये पेअर होतात, नेटिव्ह ॲपमधून छापतात, पण वेब ब्लूटूथच्या यादीत दिसतच नाहीत. तासन्‌तास कोड तपासत बसण्याआधी प्रिंटरच्या खोक्यावरची माहिती वाचा. आयफोनवर तर सफारीत वेब ब्लूटूथच नाही, त्यामुळे तिथे प्रश्नच मिटला. वेब एनएफसी आणि वेब यूएसबीचंही तेच: अँड्रॉइडच्या क्रोमवर आहेत, सफारी आणि फायरफॉक्सवर नाहीत.

काही कामं मात्र उगाच "वेबला जमत नाही" या खात्यात टाकली जातात. पान समोर असताना कॅमेरा, माइक, लोकेशन, शेअर मेनू, बोटाच्या ठशाने लॉगिन, फाइल निवडणं हे सगळं आज अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीकडे चालतं.

तपासा: यादीतल्या ज्या ओळी वेबवर अशक्य ठरल्या, त्यातली एखादी जरी ॲपचा जीव असेल, तर इथेच थांबून नेटिव्हचा खर्च काढा. ती केवळ हौस असेल तर खोडा आणि पुढे चला. "नंतर काहीतरी जुगाड करू" असं लिहून पुढे जाऊ नका.

## पायरी २: खरे फोन आणि खरा पत्ता

डेस्कटॉपच्या क्रोममध्ये खिडकी अरुंद केली की मोबाइल चाचणी झाली, हा समज आधी काढून टाका. त्यात फक्त रुंदी कळते. मेमरी, कीबोर्ड, परवानग्या, बॅटरी बचत यातलं काहीही कळत नाही.

किमान तीन फोन लागतात: कमी रॅमचा जुना अँड्रॉइड, एक बऱ्यापैकी नवा अँड्रॉइड आणि एक आयफोन. आयफोनवर क्रोम, फायरफॉक्स, एज असे वेगवेगळे ब्राउझर टाकून तपासण्यात फारसं हशील नाही. भारतातल्या आयफोनवर या सगळ्यांच्या आत ॲपलचं वेबकिट इंजिनच (पान वाचून दाखवणारा गाभा) असतं. युरोपीय संघात आयओएस १७.४ पासून, म्हणजे मार्च २०२४ पासून, दुसऱ्या इंजिनांना परवानगी मिळाली. आपल्या गिऱ्हाइकाला त्याचा उपयोग नाही. म्हणून "आयफोनवर क्रोम वापरा" हा सल्ला कुणाला देऊ नका. सफारीत जे अडतं ते तिथेही अडणार.

पुढचा खड्डा पत्त्याचा. लॅपटॉपवर सर्व्हर चालू करून फोनमध्ये १९२.१६८ ने सुरू होणारा आयपी टाकला की पान उघडतं, पण सर्व्हिस वर्कर नोंदवला जात नाही, लोकेशन मिळत नाही, कॅमेरा उघडत नाही. कारण ही सगळी कामं सुरक्षित (एचटीटीपीएस) पत्त्यावरच चालतात. लोकलहोस्टला सूट आहे, आयपीला नाही. अँड्रॉइडसाठी फोन केबलने जोडा, लॅपटॉपवरच्या क्रोमच्या इन्स्पेक्ट पानावर पोर्ट फॉरवर्डिंग चालू करा आणि फोनमध्ये लोकलहोस्टच उघडा. आयफोनसाठी एचटीटीपीएस असलेल्या चाचणी सर्व्हरवर टाकणं सोपं पडतं. सफारीतल्या चुका बघायला मॅक लागतो. नसेल तर निदान चुका सर्व्हरवर पाठवून नोंदवण्याची सोय पहिल्या दिवसापासून ठेवा.

इशारा: इन्स्टाग्राम किंवा फेसबुकमध्ये लिंक दाबली की पान त्यांच्याच आतल्या खिडकीत उघडतं. ती खिडकी म्हणजे पूर्ण ब्राउझर नव्हे. तिथून होम स्क्रीनवर टाकता येत नाही, नोटिफिकेशन चालत नाही, आणि तिथे केलेलं लॉगिन क्रोममध्ये दिसत नाही. जाहिरात तिथे करणार असाल तर पहिल्याच पानावर "ब्राउझरमध्ये उघडा" ही सूचना ठळक द्या.

## पायरी ३: नोंद आधी फोनवर, मग सर्व्हरवर

घाई करू नये अशी हीच पायरी आहे. बाकी काही बिघडलं तर लोक कुरकुर करतात; नोंद गेली तर भांडण होतं.

जागा कुठली. लोकलस्टोरेज (ब्राउझरमधली छोटी साठवण) सोपं वाटतं म्हणून सगळे तिथेच जातात. त्याची मर्यादा साधारण ५ एमबी आणि ते वापरताना पान थांबून राहतं. नोंदींसाठी इंडेक्स्डडीबी (ब्राउझरमधला डेटाबेस) वापरा. त्यात एक नेहमीची चूक होते: ट्रान्झॅक्शन (एकत्र पूर्ण होणारं लिहिणं-वाचणं) उघडायचं, मध्येच सर्व्हरकडून काहीतरी मागवायचं, मग लिहायचं. तोवर ट्रान्झॅक्शन आपोआप बंद झालेलं असतं आणि लिहिणं फसतं. बाहेरून जे आणायचं ते आधी आणा, मग ट्रान्झॅक्शन उघडा.

"नोंद झाली" ही हिरवी खूण कधी दाखवायची? लिहिण्याची विनंती यशस्वी झाल्यावर नव्हे, ट्रान्झॅक्शन पूर्ण झाल्याचा इव्हेंट आल्यावर. शिवाय क्रोम १२१ पासून ट्रान्झॅक्शनचा टिकाऊपणा आपोआप शिथिल असतो, म्हणजे माहिती डिस्कवर उतरण्याआधीच "पूर्ण" असं उत्तर येऊ शकतं. लिटर आणि फॅटच्या नोंदीला ट्रान्झॅक्शन उघडतानाच टिकाऊपणा "स्ट्रिक्ट" मागून घ्या. थोडं हळू होतं, ते परवडतं.

प्रत्येक नोंदीला जन्मतःच ओळख. समजा सभासद ४२ ने गाईचं साडेआठ लिटर दूध घातलं, फॅट ४.१. फोनने नोंद पाठवली, सर्व्हरने जपून ठेवली, पण उत्तर परत येताना रेंज गेली. फोनला वाटतं पोचलीच नाही. तो पुन्हा पाठवतो. दहाव्या दिवशी बिलात १७ लिटर! उपाय साधा आहे. नोंद तयार होतानाच फोनवर तिला एकमेव क्रमांक द्या; ब्राउझरच्या क्रिप्टो सुविधेत रँडम यूयूआयडी तयार मिळतो. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर सर्व्हरने नवी ओळ न घालता "मिळाली आहे" एवढंच म्हणायचं. ही सोय सर्व्हरवर आधी करा, पाठवण्याचा कोड नंतर.

जाता जाता तारखेचंही सांगतो. नोंदीची तारीख काढायला आयएसओ स्ट्रिंगची पहिली दहा चिन्हं घेण्याची सवय असेल तर सोडा. ती वेळ ग्रीनिचची असते. भारतीय वेळ साडेपाच तास पुढे, त्यामुळे पहाटे सव्वापाचला आलेलं दूध आदल्या दिवशीच्या खात्यात पडतं. ऑफिसात अकरा वाजता चाचणी करणाऱ्याला हे कधीच दिसत नाही.

पाठवायचं कधी. बॅकग्राउंड सिंक नावाची सोय अँड्रॉइडच्या क्रोममध्ये आहे. नेट आलं की सर्व्हिस वर्कर जागा होऊन राहिलेल्या नोंदी पाठवतो. सफारीत आणि फायरफॉक्समध्ये ती नाही. म्हणून तिच्यावर विसंबू नका, ती मिळाली तर बोनस समजा. मुख्य भिस्त तीन क्षणांवर ठेवा: ॲप उघडल्यावर, पान पुन्हा समोर आल्यावर, आणि नेट आल्याचा इव्हेंट आल्यावर. "ऑनलाइन" हे ब्राउझरचं उत्तर मात्र खरं धरू नका. फोनला वायफाय जोडलेलं आहे एवढाच त्याचा अर्थ. त्या राउटरचा रिचार्ज संपला असेल तरी ब्राउझर "ऑनलाइन" म्हणेल. सर्व्हरचं उत्तर आलं तरच नेट आहे.

पान बंद होताना जपायचं कसं. अनलोड इव्हेंट मोबाइलवर भरवशाचा नाही. माणूस ॲप वर सरकवून टाकतो, तेव्हा तो चालतच नाही. शेवटची खात्रीची संधी म्हणजे पान दिसेनासं झाल्याचा व्हिजिबिलिटी चेंज इव्हेंट. त्याहून बरं म्हणजे त्याचीही वाट बघू नका: प्रत्येक रकाना भरला की मसुदा जपा.

ब्राउझर जागा पुसतो तेव्हा. सफारीत मार्च २०२० पासून, आयओएस १३.४ पासून, एक नियम आहे: सफारी वापरली गेली पण तुमच्या साइटला सात दिवस हात लागला नाही, तर स्क्रिप्टने लिहिलेलं सगळं पुसलं जातं. होम स्क्रीनवर टाकलेल्या ॲपची मोजणी वेगळी असते, त्यामुळे रोज वापरलं जाणारं ॲप यातून सुटतं. अँड्रॉइडवर जागा कमी पडली की क्रोम बऱ्याच दिवसांत न वापरलेल्या साइटची माहिती काढू शकतो. दोन्हीकडे स्टोरेज पर्सिस्ट ("ही माहिती पुसू नका") ही विनंती करा आणि तिचं उत्तर तपासा. क्रोम न विचारता स्वतःच ठरवतो. ॲप होम स्क्रीनवर असेल तर होकाराची शक्यता वाढते. पण परवानगी मिळाली तरी कुणी स्वतः "ब्राउझिंग डेटा साफ करा" दाबलं की सगळं जाणारच. यावर तांत्रिक उपाय नाही.

म्हणून स्क्रीनच्या माथ्यावर कायम एक आकडा ठेवा: "न पाठवलेल्या नोंदी: ७". शून्य असेल तेव्हा हिरवा, नसेल तेव्हा लाल. सचिवाला सिंक म्हणजे काय ते समजावण्यापेक्षा "लाल असताना फोन कुणाला देऊ नका, साफ करू नका" एवढं सांगणं जास्त चालतं.

तपासा: विमान मोड चालू करा, पाच नोंदी घाला, ॲप वर सरकवून काढा, फोन बंद करून चालू करा, मग विमान मोड काढून ॲप पुन्हा उघडा. सर्व्हरवर पाचच नोंदी यायला हव्यात. चार आल्या किंवा सहा आल्या तर पुढे जाऊ नका.

## पायरी ४: सर्व्हिस वर्कर

त्याचं काम एवढंच: नेट नसताना ॲपचा सांगाडा, म्हणजे पान, स्टाइल, कोड, फॉन्ट, उघडता आला पाहिजे. नोंदी आणि दर त्याच्या कॅशमध्ये टाकू नका. कालचा दूधदर आज कॅशमधून आला तर दोष तुमच्या माथी येईल.

अपडेटच्या वेळी लोक दोन टोकांना जातात. एक म्हणजे नवा वर्कर उतरला तरी जुनाच चालत राहतो, कारण टॅब कुणी बंदच करत नाही. दुसरं म्हणजे स्किप वेटिंग (वाट न बघण्याची सूचना) लावून नव्या वर्करला ताबडतोब ताबा द्यायचा; मग पान जुनं, फाइली नव्या, आणि सकाळच्या गर्दीत पांढरी स्क्रीन. मधला मार्ग: नवी आवृत्ती आली की खाली पट्टी दाखवा, "नवी आवृत्ती आहे, आता घ्यायची?" आणि अर्धवट नोंद असेल तर ती पट्टी दाखवूच नका.

इशारा: सर्व्हिस वर्करच्या फाइलचं नाव प्रत्येक आवृत्तीला बदलू नका. कॅशमधलं जुनं पान जुन्या नावालाच चिकटून राहतं आणि त्या फोनवर अपडेट कधीच पोचत नाही. नाव तेच ठेवा, आतला मजकूर बदला.

## पायरी ५: स्क्रीन, कीबोर्ड आणि मराठी टायपिंग

उंचीसाठी १०० व्हीएच (स्क्रीनची पूर्ण उंची) लिहिलं की मोबाइलवर खालचं "जतन करा" बटण पत्त्याच्या पट्टीमागे दडतं. डीव्हीएच हे एकक वापरा; सफारी १५.४ आणि क्रोम १०८ पासून ते आहे. जुन्या फोनसाठी आधीच्या ओळीत व्हीएच राहू द्या. आयफोनवर इनपुटमधला फॉन्ट १६ पिक्सेलपेक्षा लहान असेल तर बोट लावताच पान मोठं होतं आणि तसंच राहतं. झूम बंद करण्याचा उपाय करू नका, फॉन्ट १६ करा. वयस्कर सभासदांना तोही लहानच पडतो.

कीबोर्ड वर आला की तळाला चिकटवलेलं बटण त्याखाली जातं, हेही ठरलेलं. अँड्रॉइडच्या क्रोममध्ये व्ह्यूपोर्ट टॅगमध्ये इंटरॲक्टिव्ह विजेट ही सूचना देऊन पान आखडून घेता येतं. आयफोनसाठी सगळ्यात बिनत्रासाचा उपाय म्हणजे बटण तळाला न चिकटवता शेवटच्या रकान्याखालीच ठेवणं.

मराठीसाठी तीन गोष्टी वेगळ्या तपासाव्या लागतात, आणि इंग्रजी ट्युटोरिअल बघून बनवलेल्या ॲपमध्ये त्या हमखास राहिलेल्या असतात.

पहिली, अंक. मराठी कीबोर्डवरून "४.५" आलं तर नंबर प्रकारचा इनपुट ते नाकारतो आणि पार्सफ्लोट (मजकुराची संख्या करणारं फंक्शन) "संख्या नाही" असं उत्तर देतो. इनपुट साधा टेक्स्ट ठेवा, इनपुटमोड डेसिमल द्या आणि देवनागरी अंक स्वतः बदलून घ्या. दुसरी, जुळवणी. इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिणाऱ्याचं "शिंदे" हे निवड होईपर्यंत रोमन अक्षरांतच असतं. प्रत्येक कळीवर शोध चालवला तर यादी रिकामी दिसते. कीडाउनवर (कळ दाबल्याचा इव्हेंट) अवलंबून राहू नका, कारण अँड्रॉइडवर बहुतेक कळींचा कोड २२९ असाच येतो. इनपुट आणि कंपोझिशन एंड हे इव्हेंट वापरा. तिसरी, लांबी. "ज्ञानेश्वर" हे वाचणाऱ्याला चार अक्षरी दिसतं, पण मॅक्सलेंग्थ (इनपुटची कमाल लांबी) त्याचे दहा मोजतो. नावाच्या रकान्याला २० ची मर्यादा घातली की आडनाव अर्धवट कापलं जातं.

## पायरी ६: फोटो

फाइल इनपुटमधून कॅमेरा उघडला की ब्राउझर मागे जातो आणि कॅमेरा ॲप समोर येतं. कमी रॅमच्या फोनवर अँड्रॉइड तेवढ्यात ब्राउझरलाच मारून टाकतो. फोटो काढून माणूस परत येतो तर पान नव्याने उघडलेलं, फॉर्म रिकामा, फोटोही नाही. नेटिव्ह ॲपलाही हा धोका असतो, पण तिथे सिस्टिम स्थिती परत देते. वेबवर ते तुमच्या अंगावर. कॅमेऱ्याचं बटण दाबताच आधी मसुदा जपा, आणि पान उघडताना अर्धा मसुदा सापडला तर तिथूनच सुरू करा. हे वारंवार होत असेल तर पानातच कॅमेरा दाखवा. ब्राउझर समोरच राहतो.

फोटो मोठ्या बाजूने १६०० पिक्सेलपर्यंत लहान करूनच जपा. आयफोनवर कॅनव्हासला (फोटो लहान करायची ब्राउझरमधली पाटी) पिक्सेलची मर्यादा असते; ४८ मेगापिक्सेलचा फोटो तसाच टाकला तर कोरी चौकट मिळू शकते. जपताना ब्लॉब (मूळ फाइल जशीच्या तशी) म्हणून जपा. बेस ६४ (फाइलचा अक्षरांतला मजकूर) केलं की आकार तिसऱ्या हिश्शाने वाढतो.

## पायरी ७: होम स्क्रीन

अँड्रॉइडवर मॅनिफेस्टमध्ये (ॲपची ओळख सांगणारी फाइल) नाव, १९२ आणि ५१२ पिक्सेलचे आयकॉन, सुरुवातीचा पत्ता आणि डिस्प्ले स्टँडअलोन (पत्त्याच्या पट्टीशिवाय, स्वतंत्र ॲपसारखं) असलं की क्रोम "इन्स्टॉल" दाखवू शकतो. तो क्षण पकडून तुम्हाला स्वतःचं बटणही देता येतं. आयफोनवर असं बटण देताच येत नाही. माणसाने स्वतः शेअर मेनू उघडून "होम स्क्रीनवर जोडा" शोधायचं. तिथे चित्रासह सूचना द्या. लेखी सूचना कुणी वाचत नाही.

आयफोनवर क्रम फार महत्त्वाचा आहे. आधी होम स्क्रीनवर टाका, मग तिथून उघडून लॉगिन करा, मग नोंदी सुरू करा. सफारीची साठवण वेगळी आणि होम स्क्रीनवरच्या ॲपची वेगळी. आठवडाभर सफारीत नोंदी घालून मग ॲप होम स्क्रीनवर टाकलं तर ते रिकामं दिसतं आणि फोन येतो, "सगळं गेलं!" गेलेलं नसतं, सफारीत पडलेलं असतं. पण फोनवरून ते समजावत बसण्यापेक्षा स्टँडअलोन नसेल तर आयफोनवर नोंदीचा फॉर्म उघडूच देऊ नका.

## पायरी ८: नोटिफिकेशन, आणि तेही शेवटी

वेब पुश (सर्व्हरवरून पाठवलेलं नोटिफिकेशन) आयफोनवर मार्च २०२३ मध्ये, आयओएस १६.४ पासून आलं आणि फक्त होम स्क्रीनवरच्या ॲपला मिळतं. म्हणूनच ही पायरी आधीची झाल्याशिवाय करता येत नाही. परवानगी बटण दाबल्यावरच मागा. पान उघडताक्षणी मागितली की अँड्रॉइडवर लोक "ब्लॉक" दाबतात, आणि मग तुम्हाला ती पुन्हा विचारता येत नाही. माणसाला सेटिंगमध्ये जाऊन ती स्वतः द्यावी लागते. आधी स्वतःच्या पानावर विचारा, "बिल तयार झालं की कळवू का?" हो म्हटलं तरच ब्राउझरची खिडकी उघडा.

गुपचूप पुश पाठवून मागे डेटा ओढण्याची नेटिव्हमधली युक्ती इथे चालत नाही. पुश आलं की नोटिफिकेशन दाखवावंच लागतं. दाखवलं नाही तर सफारी सबस्क्रिप्शन काढून घेते. ठरावीक वेळी गजर देण्याचीही भरवशाची सोय वेबवर नाही. ते सर्व्हरवरूनच पाठवावं लागतं.

तपासा: अँड्रॉइड १३ पासून ब्राउझरलाच नोटिफिकेशनची परवानगी लागते. साइटला दिली आणि क्रोमला नाही, तर काहीच येत नाही. त्यानंतर बॅटरी बचतीचं सेटिंग बघा. पैशाशी संबंधित निरोप असेल तर जोडीला एसएमएस ठेवाच. पुश पोचलं नाही म्हणून बिल कळलं नाही, ही सबब वार्षिक सभेत टिकत नाही.

## पायरी ९: तरीही अडलं तर वेष्टन

वेब ॲप प्ले स्टोअरवर न्यायचे दोन रस्ते आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात.

ट्रस्टेड वेब ॲक्टिव्हिटी म्हणजे क्रोमच, पत्त्याची पट्टी काढलेला. बबलरॅपसारख्या साधनाने ते पटकन तयार होतं. स्टोअरवर नाव दिसतं, पण ब्राउझरची एकही मर्यादा हटत नाही. जे काल ब्राउझरमध्ये चालत नव्हतं, ते आजही चालणार नाही. साठवणही क्रोमचीच, त्यामुळे क्रोमचा डेटा साफ केला की याचाही जातो. इथली हमखास चूक: साइटवरच्या असेट लिंक्स फाइलमध्ये (साइट आणि ॲप एकाचंच हे सांगणारी फाइल) फक्त आपल्या लॅपटॉपवरच्या सहीच्या चावीचा एसएचए २५६ ठसा टाकायचा. प्ले स्टोअर ॲपवर स्वतःची सही करतं, त्यामुळे घरी पट्टी दिसत नाही आणि स्टोअरवरून घेतलेल्या ॲपमध्ये दिसते. प्ले कन्सोलमधला ठसाही त्या फाइलमध्ये घाला.

कपॅसिटरसारखं वेष्टन वेगळं. त्यात तुमचा कोड वेबव्ह्यूमध्ये (ॲपच्या आतली ब्राउझर खिडकी) चालतो आणि प्लगिनमधून नेटिव्ह सुविधा मिळतात: क्लासिक ब्लूटूथ, मागे चालणारं लोकेशन, एसक्यूलाइट (फोनवरचा डेटाबेस). पायरी १ ला अडलेल्या ओळी इथे सुटतात. मात्र वेब पुश वेबव्ह्यूत चालत नाही, नोटिफिकेशन नेटिव्ह पद्धतीने नव्याने लिहावं लागतं. नोंदी इंडेक्स्डडीबीत ठेवण्याऐवजी एसक्यूलाइटमध्ये न्या.

खर्च आणि वेळही आधी मोजा. गूगलचं खातं एकदाच २५ डॉलर, ॲपलचं दर वर्षी ९९ डॉलर. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक प्ले खात्याला ॲप प्रसिद्ध करण्याआधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. ही माणसं आधीच बघून ठेवा. नुसती वेबसाइट गुंडाळून दिली तर ॲपल किमान उपयुक्ततेच्या नियमावर बोट ठेवून परत पाठवू शकतं.

इशारा: कपॅसिटरच्या ॲपला ब्राउझरमधल्या जुन्या नोंदी दिसत नाहीत. म्हणून बदल दहा दिवसांचं बिल निघाल्यावर, संध्याकाळचं संकलन संपल्यावर करा. आधी प्रत्येक फोनवर "न पाठवलेल्या नोंदी: ०" दिसतंय का ते बघा, सर्व्हरवरची बेरीज वहीशी ताडून घ्या, मग नवं ॲप टाका. होम स्क्रीनवरचा जुना आयकॉन त्याच वेळी काढा. दोन्ही राहिले तर सकाळी कुणीतरी जुन्यावरच बोट ठेवणार.